भाऊबीजेची रिकामी गाडी

॥ श्री ॥

मुक्काम जानेफळ, तालुका मेहकर
आश्विन वद्य नवमी

श्रीयुत निवृत्तीराव, मुक्काम दुसरबीड, यांस तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा उत्तमराव याचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तिकडे तुमचा गुडघा, तुमची म्हैस आणि तुमचा राग, या तिघांची तब्येत कशी आहे ते सवडीनं कळवावं. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधा म्हणून रुखमानं सांगून पाठवलं होतं. तो तुम्ही बांधला नसणार हे तिला इथं चुलीपुढे बसूनही ठाऊक आहे. सौ. तानुबाईंना माझा नमस्कार सांगा. (सांगाच. मागच्या पत्रातला नमस्कार तुम्ही कोटाच्या खिशातच ठेवलात असं कानावर आलं.) माझा उजवा पाय आता जमिनीला टेकतो. पायाला काय झालं होतं हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, ते पुढे ओघात येईल.

एक कामाची गोष्ट आधीच लिहून टाकतो, नाहीतर माझं बोलणं कुठल्या कुठं जातं हे तुम्ही जाणता. भाऊबीजेला तुम्ही इकडे यायचं ठरलेलंच आहे. येताना दमणी आणू नका, मोठी बैलगाडी आणा, आणि ती रिकामी आणा. कशाला, ते आत्ता विचारायचं नाही. तुम्ही पत्राचा शेवट आधी वाचणारे आहात म्हणून हात जोडून सांगतो, शेवटावर उडी मारू नका. मधलं वाचल्याशिवाय शेवट पटायचा नाही, आणि तुम्ही घुश्श्यात गाडी न जुंपताच बसून राहाल.

तर या सगळ्या भानगडीचं मूळ कारण तुम्ही. मागच्या दिवाळीला आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा तुमच्या घरावर नवी मंगळुरी कवलं चढली होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी ओवाळून घेऊन तुम्ही पाटावरून उठलात ते थेट मला अंगणात घेऊन गेलात, गड्याला शिडीवर चढवलंत, आणि कवलावर घागरभर पाणी ओतून ते कसं सरसर खाली येतं ते दाखवलंत. एकदा दाखवलं असतं तरी मला समजलं असतं. (तीनदा ओतायला लावलंत. तिसऱ्या खेपेला ते माझ्या नव्या धोतरावर आलं.) मी तोंडानं वाहवा म्हणालो, पण खरं सांगतो, माझा आतून जळफळाट झाला होता. परतीच्या वाटेवर गाडीत बसून मी लागणाऱ्या प्रत्येक गावातली घरं मोजून मापून पाहत होतो आणि मनातल्या मनात जानेफळला आमच्या घरावर लाल कवलं चढवत होतो. रुखमा सगळी वाट गप्प होती. मला वाटलं, तीही भावाच्या घरावर लुब्ध झाली असावी. माझ्यासारखा हुशार माणूस मेहकर तालुक्यात दुसरा नाही.

आमचं घर तुम्ही पाहिलेलं आहे, पण कवलाखाली राहायला गेल्यापासून तुम्हाला धाब्याच्या घराचा विसर पडला असेल, म्हणून आठवण देतो. बाजारगल्लीतली आमची सात घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लागून. सगळ्यांवर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत. लाकडावर काड्या, काड्यांवर पाला, पाल्यावर माती आणि सगळ्यात वर पावसाआधी दरसाल अंथरायची खारी माती, जिच्यामुळे पाणी मुरत नाही. आमचं घर ओळीत मधोमध. प्रत्येक घराच्या मागच्या अंगणात एक शिडी, ओसरीवर चढणारी, आणि वरची वाट ओसऱ्यांवरूनच. त्या शिडीनं वर गेलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्ली ती खालचीच, फक्त वर, आणि तिथं पुरुषाचं काम नाही. पापड, वड्या, मिरच्या, लेकरं, भांडणं, समेट, सगळं तिथंच वाळतं. मी त्या धाब्याखाली जन्मलो, वाढलो, लग्न करून बायको आणली, आणि तरीही डोक्यावर एक अख्खा रस्ता चालू आहे हे मला कधी दिसलं नाही. वरून पावलं वाजायची, मी म्हणायचो, माकडं आली असतील.

दसऱ्याला सोनं देऊन घरी आलो, पाटावर बसलो, आणि भाऊबीजेच्या आत ओसरीवर कवलं चढवायची, उरलेलं घर पुढच्या उन्हाळ्यात, असं जाहीर केलं. रुखमा म्हणाली, "हो जी. तुमची हौस हाय, करजा." एवढ्या सहज तिनं होकार दिला की मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या. मग ताट उचलता उचलता तिनं एवढंच विचारलं, "अन् आपा?" मी म्हटलं, आपांचं काय? त्यांच्या घराला आपण कुठं हात लावणार आहोत? ती म्हणाली, "हाव, तेही खरंच," आणि आत गेली. तुमच्या बहिणीनं "तेही खरंच" म्हटलं की माणसानं जेवण टाकून विचार करायला बसावं, हे मला आता कळलं आहे. तुम्हाला लहानपणापासून ठाऊक असणार, तुम्ही लग्नात सांगितलं नाहीत एवढंच.

आपा म्हणजे शेजारच्या अजीजुन्निसाबाई, बाजारात कापडाचं दुकान आहे त्या सईदभाईंच्या मंडळी. त्या आणि रुखमा एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन या गल्लीत आल्या. आपा गोशात असतात. मी त्यांचा चेहरा आजवर पाहिलेला नाही. आवाज ओळखतो, आणि ईदेला त्यांच्या हातचा शीरखुर्मा येतो तो बोटं चाटून खातो. गल्लीतून पायी त्या कधी निघत नाहीत, आणि आमच्या घरच्या बायकाही, आपल्यात रीत आहे तशी, दारासमोरच्या पारावर बसलेल्या मंडळींपुढून जात नाहीत. पण दुपारची भांडी झाली की इकडून रुखमा शिडी चढायची, तिकडून आपा, आणि दोघी मधल्या कठड्याशी बसायच्या. आमची लेकरं झाली, त्यांची फातिमा झाली, फातिमा बाळापूरला सासरी गेली, तरी ही बैठक मोडली नाही. हे मी आता लिहितो आहे. दसऱ्याला मला यातलं काही सुचलं असतं तर पाय शाबूत राहिला असता.

खामगावहून कवलाच्या गाड्या आल्या तेव्हा पारावरची सगळी मंडळी उठून उभी राहिली. आमचे पोलीस पाटील शेषराव (माणूस भला, पण पारावर बसला की जिभेला आवर नाही) म्हणाले, "उत्तमराव, आता तुमाले भेटायले कागद पाठवा लागन!" मी मिशीला पीळ दिला. दुसऱ्या दिवशी ओसरीचं धाबं उकललं. मातीचा ढीग गल्लीत पडला, मधली भिंत उंच चढली, सुतारानं आढं बसवलं. मी डोक्याला फडकं बांधून खाली उभा राहून हुकूम सोडत होतो, आणि त्यातल्याच एका हुकमाप्रमाणे एक लाकूड वरून खाली आलं ते माझ्या उजव्या पायावर. (लाकडाची चूक नाही. 'सोडा' असं मीच म्हणालो होतो.) पण मी लंगडत लंगडत गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहिलं, तर सगळ्या सपाट घरांच्या मधे आमचं आढं असं झोकात उभं होतं की पायाचं दुखणं विसरलो.

त्या दुपारीच रुखमानं माझ्या हातात वाटी दिली. म्हणाली, मनकर्णाबाईंकडून विरजण आणा. मनकर्णाबाई पलीकडच्या बाजूच्या शेजारीण, आणि अख्ख्या ओळीला विरजण त्यांचंच लागतं. दुसऱ्याचं दही आंबट होतं म्हणे. मी म्हटलं, मी? ती म्हणाली, धाबं तर उकललं, उद्या कवलं चढली की पाय दिल्यावर फुटतील जी, मग वरून कसं जाऊ? अगदी गोड आवाजात. मी वाटी घेऊन निघालो. घरी आलो तर आपांना विस्तव हवा होता. विस्तव देऊन आलो तर आपांकडून चकलीचा सोऱ्या आणायचा होता. सोऱ्या आणला तर तो आमच्यासाठी नव्हताच, मनकर्णाबाईंसाठी होता. निवृत्तीराव, तुम्हाला कल्पना नाही, दिवाळीच्या दिवसांत एका ओळीतल्या सात घरांत किती वस्तू फिरतात! सोऱ्या एक, तो आपांचा. अनारशाची जाळी एक. आणि मोठी कढई एक, ती तुमच्या वडिलांनी रुखमाला लग्नात दिलेली, जिच्यात लहान मूल बसून आंघोळ करू शकेल. आजवर हे सगळं वरच्या वाटेनं बिनबोभाट फिरत होतं, आणि मला वाटायचं की प्रत्येक घरात आपापली कढई असते.

आता कढई बाईमाणसानं डोक्यावर घेऊन पारापुढून न्यायची नाही. मग कोणी न्यायची? ओळीतले सगळे पुरुष कामाला लागले. सईदभाई बिचारे दुकानाला कुलूप घालून कढईचा एक कान धरायचे, दुसरा मी, लंगडत. कढईला बूड काळं, आमचे सदरे पांढरे. पारावर शेषराव बसलेलेच असायचे. पहिल्या खेपेला त्यांनी रामराम केला, दुसऱ्या खेपेला "आज कोणाचं लग्न बे?" असं शेजारच्याला विचारलं, आणि तिसऱ्या खेपेपासून त्यांनी बसायला घोंगडीच अंथरली, कारण असला तमाशा फुकटात रोज पाहायला मिळत नाही. मी रागानं लाल होऊन घरी आलो की रुखमा पाटावर पाणी ठेवायची, पायाला हळद लावायची, आणि मोठ्या मायेनं सांगायची, "आता जराशी ही तेलाची बरणी तेवढी." एक शब्द उणा-अधिक नाही, भांडण नाही, रुसवा नाही. मी मनात म्हणायचो, काय सोसायची ताकद आहे या बाईची! सोसत मी होतो, हे लक्षात यायला मला चार दिवस लागले.

वस्तूंचं एकवेळ ठीक. निरोपांचं काय सांगू! आपांच्या दारात जाऊन मी खाकरायचो, पडद्यामागून आवाज यायचा, "भाईजान, रुखमाबाईले सांगजा, चिवड्यात खोबरं आताच नोको टाकू, उतरवल्यावर टाक." मी घरी येऊन सांगायचो. रुखमा म्हणायची, आपांना सांगा, खोबरं टाकून झालं, आता काय करू? मी परत. एकदा पाय फार दुखत होता म्हणून रुखमाचा लांबलचक निरोप मी आवरता घेतला, तर पडद्यामागून लगेच, "हे रुखमाबाईचं बोलणं नाही. मधलं तुम्ही खाल्लं!" निवृत्तीराव, मी चकित झालो. हायकोर्टातला वकील असं पकडणार नाही. तेव्हापासून मी मधलं खाणं सोडलं आणि ऐकलं तसं पोचवू लागलो, मग ते माझ्याबद्दलचं का असेना. "रुखमाबाईले सांगजा, तुमच्या मालकाचा आवाज बसला, दुधात हळद द्या." हे मी माझ्याच बसलेल्या आवाजात सांगितलं. "आपाले सांगा, मजुरायवर वरडून बसला हाय, हळदीनं नाही जायचा, कवलं चढल्यावर आपोआप जाईन." हेही मीच नेलं. आणि त्यावर पडद्यामागं जे हसू फुटलं ते ऐकत मी दारात वाटी धरून उभा होतो. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? त्या दोघींच्या बोलण्याची मला गोडी लागली. बाजारातल्या, कचेरीतल्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या एवढ्या बैठकी मी पाहिल्या (तुमची धरून), पण इतकं नेमकं, मिठा-तिखटाचं बोलणं कुठं ऐकलं नाही. आणि हे माझ्या डोक्यावर रोज दुपारी चालत होतं, मी खाली घोरत होतो.

मग चार-पाच दिवसांपूर्वीची गोष्ट. आता जरा नीट वाचा.

त्या दुपारी रुखमा करंज्या तळत होती. मी तिचा निरोप घेऊन आपांच्या दारात गेलो, खाकरलो. आज आवाज लवकर आला नाही. मग आपा म्हणाल्या, "रुखमाबाईले सांगजा, फातिमाचं..." आणि थांबल्या. मी म्हटलं, हो, फातिमाचं काय सांगू? मग म्हणाल्या, "नाही. हे तुमच्याजवळ नाही देता येत, भाईजान. तुम्ही जा." आणि पडद्यामागं त्या रडत होत्या. तोंडात पदर कोंबून माणूस रडतं तसं. मी त्या दारात हातात रिकामी वाटी घेऊन उभा राहिलो आणि मला माझी इतकी लाज वाटली की आयुष्यात वाटली नव्हती. एका बाईला दुसऱ्या बाईजवळ रडायचं होतं, हातभर अंतरावर, आणि मधे मी आढं उभं करून ठेवलं होतं.

घरी येऊन मी ऐकलं तेवढंच सांगितलं. फातिमाचं, आणि पुढे काही नाही, आणि त्या रडत आहेत. रुखमानं झारा तसाच कढईत टाकला. सवयीनं मागच्या अंगणात गेली, शिडीवर अर्ध्यापर्यंत चढली, आणि वर नव्या वाशांचा पिंजरा पाहून खाली उतरली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. भर दुपारी, भरल्या पारापुढून. मी लंगडत दारापर्यंत गेलो. आमच्या घरातली बाई अशी निघालेली गल्लीनं कधी पाहिली नव्हती. निवृत्तीराव, ती घाईनं गेली नाही, खाली मान घालूनही गेली नाही. शेतावर राखणीला जाताना तुमचे वडील चालायचे तशी चालली. आणि शेषराव, ज्यांच्या जिभेला आवर नाही असं मी वर लिहिलं, ते घोंगडीवरून उठून उभे राहिले आणि ती आपांच्या दारात शिरेपर्यंत बसले नाहीत. मी तुमच्या बहिणीशी लग्न केलं तेव्हा मला वाटलं होतं मी तुमच्या घरावर उपकार केले. त्या दिवशी दारात उभं राहून मला कळलं की माझं नशीब थोर.

(तेवढ्यात करंज्या जळाल्याचा वास आला. मी लंगडतच आत जाऊन उरलेल्या स्वतः तळल्या. त्यांचा रंग तुमच्या बैलासारखा झाला आहे. त्या वेगळ्या डब्यात तुमच्यासाठी ठेवल्या आहेत. पाहुण्याचा मान म्हणून खाव्या लागतील.)

दिवेलागणीला रुखमा परत आली. फातिमा आता बरी आहे, दिवाळीनंतर माहेरपणाला येते आहे, एवढंच तिनं सांगितलं. बाकीचं बायकांचं होतं. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही, आणि ते तसंच बरोबर आहे. मी म्हटलं, उद्या सकाळी आढं उतरवतो. ती म्हणाली, "अन् तुमची हौस?" मी म्हटलं, खड्ड्यात गेली हौस. तर तुमची बहीण काय म्हणाली? "अशी काऊन जाऊ द्यायची? गोठा हाय ना मागं. गोठ्यावरून कोणाची वाट नाही." म्हणजे, निवृत्तीराव, तिनं गोठ्याचं माप दसऱ्याच्या रात्रीच मनात घेऊन ठेवलं होतं! कवलं किती, वासे किती, सुतार कोण, सगळं. फक्त मी कधी दमतो याची वाट पाहत होती. नवऱ्याचा हट्टही मोडायचा आणि नवऱ्याचं नाकही राहू द्यायचं, हे एकाच कढईत तळायला फार हात बसलेला असावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सगळी ओळ आमच्या घरी लोटली. खारी माती दोन गाड्या आली (तिसरीही आली, तिचं पुढे सांगतो). पुरुषांनी लाकडं बसवली, काड्या-पाला अंथरला, माती वर चढवली, आणि मग आम्हाला खाली हाकलण्यात आलं, कारण माती तुडवायचं काम बायकांचं आणि आपांना वर यायचं होतं. पुरुषांनी गल्लीत बसायचं आणि वर पाहायचं नाही, असा हुकूम. मी आणि सईदभाई ओट्यावर बसून सुपारी कातरत ऐकत होतो. वर सगळ्या जणी मिळून ताल धरून माती तुडवत होत्या, मनकर्णाबाई मोठ्या आवाजात कोणाची तरी नक्कल करत होत्या आणि हसून हसून सगळ्यांचा ताल चुकत होता. नक्कल लंगड्या माणसाची असावी, कारण एक पाऊल जोरात आणि एक हलकं पडत होतं. सईदभाई म्हणाले, "भाई, अल्लाचा शुकर. माझ्या हाताले कढईचे घट्टे पडले." मग आम्ही दोघंही हसलो.

गोठ्यावर कवलं चढली आहेत. सूर्य मावळताना इतकी देखणी दिसतात की मी मुद्दाम मागच्या अंगणात खाट टाकून बसतो. बैल पहिल्या दिवशी आत जायला तयार नव्हते, एकसारखे मान वर करून पाहत होते, आता रुळले. पारावर त्याला 'बैलांचा बंगला' म्हणतात. म्हणोत. ओसरीचं धाबं नव्या मातीनं पांढरंशुभ्र झालं आहे, आणि हे पत्र लिहीत असताना डोक्यावर पावलं वाजत आहेत. माकडं नव्हेत.

तुम्हा सर्वांना दिवाळी सुखाची जावो, म्हैस दुधाला येवो, गुडघा वळो. घरातल्या मोठ्यांच्या पायांवर डोकं आणि लहानांच्या डोक्यावर हात, दोन्ही माझ्या वतीनं तुम्हीच ठेवा.

तुमच्या लोभातला,
उत्तमराव

ता. क. – गाडी उरलेली कवलं भरून न्यायला मागवली आहे असं तुम्हाला वाटलं असेल. कवल एकही उरलेलं नाही. उरली आहे ती खाऱ्या मातीची तिसरी गाडी, आणि ती रुखमानं तुमच्यासाठीच मागवली होती. दसऱ्याला तुमच्याकडून आलेला माणूस सांगत होता की दिवाळी झाली की तुम्ही मागच्या खोलीचं राहिलेलं धाबंही काढून तिथं कवलं घालणार. घालू नका. दोन वर्षं त्यावर माती टाकली नाहीत म्हणून ते गळतं. ही माती टाका, गळायचं थांबेल. आणि तुमचा गडी कवलं चढवायला जी शिडी घेऊन गेला ती परत मागच्या भिंतीला लावा. मी रुखमाला म्हटलं, दुसरबीडला काय खारी माती मिळत नाही? ती म्हणाली, मिळते, पण दादा आणायचा नाही. दारात आणून टाकली की वहिनी चढवून घेईल.

ता. क. दुसरा – वरचं सगळं पत्र आत्ता रुखमाला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, "मधलं तुम्ही खाल्लं." म्हणून मधलं लिहितो. मागच्या भाऊबीजेला तुम्ही मला अंगणात कवलावरचं पाणी दाखवत होता, तेव्हा तानुबाई हातात ताट घेऊन त्याच अंगणात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होत्या. त्यांना भाऊ नाही. तुमच्याकडे नांदायला आल्यापासून दर भाऊबीजेला त्या धाब्यावर जाऊन चंद्राला ओवाळायच्या. बीजेचा चंद्र, तो किती वेळ राहणार? तुमचं नवं आढं बरोबर मावळतीला, त्याच्या आड तो गेला. निरांजन पदरानं झाकून त्या बराच वेळ आभाळ शोधत राहिल्या, आणि शेवटी तुमच्या कवलांकडे तोंड करून, चंद्र तिथंच असेल असं धरून, ओवाळून आत गेल्या. तुम्ही तेव्हा तिसरी घागर ओतायला सांगत होता, आणि मी वाहवा म्हणत होतो. आम्हा दोघांना दिसलं नाही. रुखमाला दिसलं. म्हणून ती वाटभर गप्प होती.

आमचं धाबं मावळतीला मोकळं आहे. आपांची नजर अशी की ईदेचा चांद असो की बीजेचा, सगळ्या गल्लीत आधी त्यांना दिसतो. त्या वर येणार आहेत, त्यांनी तसा निरोप दिला आहे (वरच्या वाटेनं, मला नंतर कळलं). आपण दोघं खाली बैलांच्या बंगल्यात बसून जळक्या करंज्या खाऊ. दिवस मावळायच्या आत पोचा, चंद्र थांबत नाही. आणि गाडी रिकामी आणा असं मी वर लिहिलं ते खोडा. माती जाताना. येताना तानुबाईंना बसवून आणा.